सेहेचाळीस खळगे

झालं ते एवढंच, की सकाळपासून जाड बुटांत उकडलेले पाय मोकळे करावेत आणि घोटभर चहा घ्यावा म्हणून ती रंगाच्या उपड्या बादलीवर बसली, आणि तिच्या दोन्ही टाचा जमिनीत गेल्या. गेल्या म्हणजे फळी मोडून खाली गेल्या असं नव्हे. बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत. पण जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसा तिचा तोल गेला आणि चहा हातावर सांडला. "आई गं" म्हणत तिने कप खाली ठेवला, हात पँटला पुसला आणि पायांकडे बघितलं. लाकडी जमिनीत दोन खळगे होते, वाटीच्या बुडाएवढे, शेजारी शेजारी, आणि तिच्या टाचा त्यांत कुणी माप घेऊन कोरल्यासारख्या बसल्या होत्या. तिने पाय उचलले, पुन्हा ठेवले. पुन्हा बसले. मग, का कोण जाणे, ती बादलीसकट दीड हात डावीकडे सरकली आणि न बघता टाचा टेकवल्या. गेल्या. आणखी दीड हात. गेल्या. पलीकडच्या टोकाला शिडीवर चढून छताच्या चुन्याच्या फुलांवरचा जुना रंग खरवडणारा रंगारी हात थांबवून बघायला लागला, की बाईंना झालंय तरी काय, बादलीवर बसून हॉलभर घसरताहेत. त्याला काय सांगणार, कपाळ? तळपायांना लाकडाचा गुळगुळीत गारवा लागत होता आणि डोक्यात एकच गोष्ट वाजत होती: इथे बायका बसत होत्या. इथे आई बसत होती.

आणि यातलं काही म्हणजे काही तिला नवं नव्हतं, चीड आणणारी गोष्ट हीच. हे खळगे तिनेच मोजले होते. आठ महिन्यांपूर्वी, या जुन्या हॉलचं हॉटेल करायचं काम हातात आलं तेव्हा, तिपाईवर लेझर लावून, गुडघ्यांवर रांगत, एकेक खळगा मोजून तिने पाहणीच्या तक्त्यात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: स्थानिक झीज, सेहेचाळीस ठिकाणी, भरून घेणे. खाली सही. सेहेचाळीसच का, सगळे एकाच रांगेत का, दोन-दोनच्या जोडीने का, हे विचारायचं तिला सुचलं नाही, कारण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. रकाने तीन. काय आहे, किती बिघडलं आहे, काय करायचं. कुणाचं आहे, असा रकाना जगातल्या कुठल्या तक्त्यात असतो? वरून तिने आपल्या हुशारीची कमाल केली होती. जमीन किती खाली गेलीय हे मोजायचं तर कुठली तरी एक जागा शून्य धरावी लागते. म्हणून तिने हॉलभर फिरून अशी जागा शोधली जिथे फळ्या अगदी घातल्या दिवशी होत्या तशा राहिल्या असतील. आणि ती सापडली, त्याच रांगेत, मधोमध, जिथे खळग्यांची एक जोडी चुकली होती. तिथे ये-जा करायची वाट असणार, असं तिने आपल्या मनाने ठरवलं, लाल रंगाने फुली मारली, शेजारी शून्य काढलं, आणि त्या शून्याच्या मानाने बाकीचा सगळा हॉल बिघडलेला ठरवून टाकला. उद्या सकाळी दहाला लेव्हलवाले येणार होते. पातळ पिठासारखा सिमेंटचा गारा ओततात, तो आपला आपण पसरतो, सपाट होतो आणि दोन तासांत दगड होतो. मग तो निघत नाही. काढायचा म्हटलं तर खालच्या फळ्याच सोलून येतात. त्यावर करड्या लाद्या, त्यावर टेबलं, टेबलांवर मेणबत्त्या.

वारसा समितीची हरकत नव्हती. समितीने इमारतीचं सगळं काही जपलं होतं, म्हणजे दर्शनी भिंत, नक्षीचे लोखंडी खांब, पुढचा रुंद जिना, छताची चुन्याची फुलं आणि ज्याने इमारत बांधली त्या मिशीवाल्या साहेबाचं तैलचित्र. जमीन मात्र नंतरची भर, असा शेरा होता. मूळच्या फळ्या कुजल्यावर नव्या घातलेल्या, जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांच्या. त्या घातल्या त्याच वर्षी आई इथे लागली, आणि आपोआप नंबर लागणारी यंत्रं आल्यावर हा हॉल बंद झाला त्या दिवसापर्यंत राहिली. तेवीस वर्षं. टेलिफोनात, असं घरात म्हणायचे. "हिची आई टेलिफोनात आहे." लहानपणी तिला वाटायचं आई खरोखरच त्या काळ्या डब्याच्या आत बसते, आणि रिसीव्हर उचलून ती "आई, कधी येणार?" असं विचारायची, तर आतून फक्त गुणगुण यायची. ही गोष्ट तिने मालकाला पहिल्या भेटीत सांगितली होती. मालक म्हणजे तरणाबांड माणूस, दोन हॉटेलं झालेली, हे तिसरं; त्याला गोष्टी आवडायच्या. "वा! म्हणजे हे तुमच्या आईचंच घर की," तो म्हणाला आणि काम तिला मिळालं. प्रत्येक टेबलावर जुना काळा फोन ठेवायचा, ही कल्पना त्याची, आणि "छान आहे" म्हणणारी ती. आईला विकून काम मिळवलं, असं तिला तेव्हा वाटलं नाही. आता, बादलीवर, टाचा खळग्यात ठेवून बसल्यावर वाटलं, आणि चांगलंच वाटलं.

तिने डोळे मिटले आणि आईला इथे बसवून बघितलं. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, उजव्या कानावर तो जड लोखंडी पट्ट्याचा फोन, ज्याने तो कान कायमचा गेला. समोर फोन जोडायच्या भोकांची भिंत, हातात वायरींच्या पिना. आणि शेजारी तशीच दुसरी, तिच्या शेजारी तिसरी, कोपराला कोपर. हे चित्र काही केल्या नीट बसेना. कारण तिने जन्मात कधी आईला पाय जमिनीला टेकवून बसलेलं बघितलं नव्हतं. आई मांडी घालायची. जेवणाच्या खुर्चीवर मांडी, डॉक्टरांच्या बाकावर मांडी, लग्नात सोफ्यावर मांडी, विहीणबाईंच्या समोर, साडी सावरून, मजेत. "आई, पाय खाली सोड ना," हे वाक्य तिने आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल! तिने स्वतः आखलेली पहिली खुर्ची घरी आणली, जिला पुढे बक्षीस मिळालं, ती आईने चारी बाजूंनी बघितली, चढून बसली, इकडून तिकडून हलली आणि खाली उतरत म्हणाली, "जिच्यावर मांडी घालता येत नाही ती खुर्ची कसली? ही तर शिक्षा." ती आठवडाभर आईशी बोलली नव्हती. वडील हसले होते. वडिलांचं आईच्या नोकरीबद्दल एकच वाक्य ठरलेलं होतं, रोज संध्याकाळी, चपला काढता काढता: "तुझं बरं आहे, बसून काम." आई बहिरा कान त्यांच्याकडे करायची. तेवीस वर्षं बसून काम, आणि लाकूड झिजलं. बसून! तिला एकदम संताप आला, मेलेल्या वडिलांचा, मिशीवाल्या साहेबाचा आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या सुवाच्य अक्षराचा. तिने तिथेच, बादलीवरूनच, मालकाला फोन लावला.

"उद्याचं ओतायचं काम थांबवायचंय."

"का? माल कमी आला का?"

"माल आलाय. जमीन भरायची नाही."

"मॅडम, भरायची हे तुम्हीच सांगितलंत. तुमचाच कागद आहे."

"हो. चुकलं माझं. ते खड्डे नाहीत. इथे ज्या बायका काम करायच्या त्यांच्या टाचांच्या जागा आहेत."

"बरं मग?"

बरं मग. "मग ते बुजवायचे नाहीत," ती म्हणाली. "टेबलांचे पाय मी कमीजास्त करून देते. एकेका टेबलाचे मापाने करून देते. जमिनीवर टेबल बसवू, टेबलासाठी जमीन नको."

"आणि हललं तर? मॅडम, हलत्या टेबलावर कोण जेवतं? अंगावर सूप सांडलं की माणूस इतिहास बघत नाही, कपडे बघतो." आता हे अगदी खरं होतं, तिच्या स्वतःच्या पँटवर चहाचा डाग वाळत होता. तेवढ्यात त्याचा आवाज खुलला, त्याला गोष्ट सापडली होती. "एक करू. एक जोडी ठेवू ना आपण! वर काच, खालून दिवा, बाजूला छोटी पितळी पाटी. लोक फोटो काढतील. तुमच्या आईंचीच ठेवू, कुठली ते त्यांना विचारा."

"म्हणजे बावीस पुरायच्या आणि एक काचेत ठेवायची."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"मग कशाला लावू?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रंगाऱ्याने खरवडणी पुन्हा थांबवली.

मालक चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही, तेच त्याचं वाईट होतं. "दहाला माणसं येतील," तो गोडीत म्हणाला. "तुम्हाला बघवणार नसेल तर नका येऊ. आणि हे काम जड जात असेल तर तसं सांगा. करायला माणसं आहेत." फोन बंद झाल्यावर तिला कळलं की आपल्या टाचा खळग्यांत इतक्या जोरात रुतल्या आहेत की पोटऱ्या दुखायला लागल्यात. उठायला निघाल्यासारख्या. समोरच्या भिंतीतल्या वरच्या भोकात पिन घालायची असावी तशा.

घरी आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी, खुर्चीवर, अर्थातच मांडी घालून, मटार सोलत होती. मांडीवर ताट, दाणे ताटात, टरफलं टेबलावर पसरलेली. ती समोर बसली, आणि आईच्या डाव्या कानाशी वाकून सांगायला लागली, कारण हा विषय खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून सांगण्याचा नव्हता.

"तुमच्या हॉलमध्ये जमिनीत खळगे पडलेत. टाचांचे."

"असतील. वरच्या रांगेतल्या भोकात पिन घालायची तर टाचांवर जोर देऊन अर्धं उठावं लागायचं. दिवसाकाठी किती वेळा, त्याला काही गणती होती का! फळी झिजणार नाहीतर काय होणार."

"उद्या ते बुजवणार आहेत."

"बुजवू देत की. खड्ड्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"तुझेही आहेत ना त्यात!"

आईने सोलता सोलता वर बघितलं आणि हसली. तसं हसणं तिने आईच्या तोंडावर फारसं बघितलं नव्हतं, शाळा चुकवलेल्या मुलीचं. "माझे कुठले," आई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. तिला तो आईचा नेहमीचा साधेपणा वाटला, माझं काही नाही, माझं राहू दे, या जातीचा, आणि त्याचाही राग आला. ही बाई स्वतःच्या पायांचे ठसेसुद्धा आपले म्हणायला तयार नाही! ती उठून खिडकीशी गेली. खालच्या रस्त्यावरचे दिवे लागत होते, समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे काढत होतं. आपण नकाशे काढत आलो, ती मनात म्हणाली, तीस वर्षं, आणि प्रत्येक नकाशात माणूस म्हणजे एक गोल, त्याला दोन रेघांचे खांदे. पाय काढतच नाहीत. वरून बघताना पाय दिसत नाहीत.

"कोण बुजवतोय?" आईने मागून विचारलं.

"मालक. म्हणजे..." इथे खोटं बोलता आलं असतं. "मी. मीच तसं लिहून दिलंय. सहीनिशी."

"तू?"

एवढंच. पण तो 'तू' तिच्या पाठीत बसला. आईने आणखी एक शेंग सोलली. मग आई म्हणाली, "किती वाजता?"

"दहाला."

"मग आपण साडेआठला निघू, बये. जिने चढायला मला वेळ लागतो."

आठ महिने बोलावत होती तेव्हा हीच आई जिने चढवत नाहीत म्हणून येत नव्हती. आणि सकाळी त्या रुंद, कठड्याला पितळेच्या गुंड्या असलेल्या, समितीने जिवापाड जपलेल्या जिन्यापाशी उभी राहिली तर चढायचं सोडून वर बघत बसली. तिला वाटलं दम लागला. "आई, थांबत थांबत जाऊ." "दमले नाही गं. या जिन्याने मी कधी गेलेच नाही. हा साहेबलोकांचा. आम्ही मागून, लोखंडी जिन्याने. पावसात त्याच्यावरून आमच्यातली एक चष्मेवाली दोनदा पडली." मग साडीचा काठ हातात धरून आई म्हणाली, "चल. आज पुढून जाऊ," आणि मधल्या वळणावर एकदा टेकून सगळा जिना चढली. हॉलमध्ये कोपऱ्यात लेव्हलच्या पोत्यांची थप्पी होती, रंगारी अजून आला नव्हता, उंच खिडक्यांतून ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या तिरप्या उन्हात, बघायचंच म्हणून बघितलं तर, ते सगळे दिसत होते. प्रत्येक खळग्यात चिमूटभर सावली. दोन-दोन, दोन-दोन, भिंतीच्या कडेने. तिने छत दाखवलं, किती सुंदर खुललंय म्हणून. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, फुलं आहेत होय! मान वर करायला वेळ कुणाला होता." चपला काढून ती खिडकीपाशी गेली आणि अनवाणी पायाच्या अंगठ्याने पहिला खळगा चाचपला, अंधारात बटण शोधावं तसा.

"ही मोठीबाई," आई म्हणाली. "खिडकीची जागा शेवटपर्यंत कुणाला दिली नाही तिने. बघ किती खोल. वजनदार होती आणि तोंडाने त्याहून." एक पाऊल पुढे. "ही शीळवाली. हळू शीळ घालायची, लाइन जोडताना. पलीकडचा म्हणायचा, बाई, तुमच्या मशिनमध्ये पक्षी शिरलाय." आणखी एक. "हिचा उजवा पाय लहानपणीच अधू. सगळा भार डाव्यावर. बघ ना." एक खळगा खोल, दुसरा नावालाच. तिने तक्त्यात त्या जागी लिहिलं होतं, खोली असमान. पुढच्या जोडीत दोन खळगे एकमेकांपासून हातभर लांब होते, आणि तिथे तिने लिहिलं होतं, अंतर अनियमित. आई तिथे थांबली, वाकून हाताने लाकूड चोळलं. "तीन बाळंतपणं काढली हिने या खुर्चीवर. आठव्या महिन्यापर्यंत यायची, पाय फाकवून बसायची बिचारी. कुणी हसायचं नाही हं. मधलं बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी कामावर." ती आईच्या मागून चालत होती, हातात त्या तक्त्याची प्रत, आणि तिला ती फाडावीशी वाटत होती. आई मोजत होती. आठ. नऊ. दहा. आणि लाल फुलीपाशी थांबली.

"हे लाल काय रंगवलंय?"

"ते शून्य. तिथून सगळ्या जमिनीची उंची मोजलीय. तिथे खळगे नाहीत ना, मधली वाट होती म्हणून."

"वाट? कसली वाट?" आई म्हणाली. "अकरा नंबर. इथे मी बसायचे."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने फुलीकडे बघितलं, फुलीच्या आजूबाजूच्या त्या सपाट, कोऱ्या, घातल्या दिवसासारख्या फळ्यांकडे बघितलं आणि कान गरम झाले. "तुझे पाय?"

"वर. दुसरं कुठे? मी खुर्चीचा स्क्रू फिरवून ती पार वर घेतली होती आणि वर मांडी. वरची भोकं बसल्या जागी हाताला यायची, उठायला नको. पण ते चालायचं नाही. सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या, सगळ्यांच्या टाचा एका रेघेत, साहेबलोक बघायला आले तर शोभलं पाहिजे. महिन्याला एक शेरा ठरलेला माझा: बसण्याची पद्धत अशोभनीय. दोनदा बढती गेली. रजेवर असले की कुणी माझ्या खुर्चीत बसायला जायचं, तर पाय लोंबकळायचे. मग कुणी बसेनासंच झालं."

"बढती गेली? पण का? एवढ्याशा गोष्टीसाठी? टेकवायचे होतेस ना पाय!" आणि हे बोलता बोलताच तिला ऐकू आलं की आपण काय बोलतोय, चाळीस वर्षं तेच बोलतोय.

आई रागावली नाही. तिने सावकाश सांगितलं, हिशेब समजावून सांगतात तसं. "दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. मधे आपण शब्द काढायचा नाही. 'नंबर सांगा' आणि 'जोडते', एवढीच आपली भाषा. तोंड त्यांचं, हात त्यांचे, कान तर घेऊनच टाकला. म्हटलं, पाय तरी माझे राहू देत." मग तिने रांगेच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि आवाज जरा खाली आला. "पण मी काही एकटीच्या जोरावर नाही हं बसले. माझं नाव काढून टाकायचं दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळेला या सगळ्या गेल्या, मोठीबाई पुढे. म्हणाली, साहेब, तेवीस जणी तुम्हाला हव्या तशा बसतो ना आम्ही, एक राहू दे. या नीट बसल्या म्हणून मला वाकडं बसता आलं. आणि तू यांनाच बुजवतेस?"

खरं म्हणजे तिथेच रडायला हवं होतं, पण रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग इतका स्वच्छ होता की तिला बरं वाटलं. कालपासून ती आईसाठी भांडत होती, दबलेल्या, वाकलेल्या, बिचाऱ्या आईसाठी. आणि आई या हॉलमधली एकमेव सपाट जागा होती! आईचा हट्ट तिने पट्टी म्हणून वापरला होता, त्या पट्टीने बाकी तेवीस जणींना मोजलं, बिघडलेलं ठरवलं, आणि आज त्यांना आईच्या उंचीला आणायला गारा मागवला. मूर्खपणालाही काही मर्यादा असते. ती जिन्यावरची पावलं ऐकत होती, बरीच पावलं, आणि लोखंडी काहीतरी पायऱ्यांवर आपटत वर येत असल्याचा आवाज. समिती जिन्याला एवढी जपते, तो ओरखडला आता, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं.

लेव्हलवाला ढवळायचं यंत्र आणि चार माणसं घेऊन आला, नमस्कार केला, आणि कुणाला काही न विचारता पाणी मोजून मोठ्या टबात पोती फोडायला लागला. मालक मागोमाग आला. आईला बघून खूश झाला. "या आई! बरं झालं आलात. कुठली जोडी तुमची? दाखवा, तेवढी झाकून घेतो." आईने त्याच्याकडे बघितलं, मग रंगाऱ्याची उपडी बादली पायाने ढकलत लाल फुलीवर आणली. इकडे लेक दारापाशी गेली. कामाच्या जागी मंजुरीचे कागद टांगून ठेवायचे असतात, ते तिथे खिळ्याला होते, समितीच्या शिक्क्यासकट. तिने त्यातला पाहणीचा मूळ तक्ता काढला, भिंतीवर धरला, 'भरून घेणे' या शब्दांवर दोनदा रेघ मारली, वर लिहिलं, 'चूक. भरू नये', आणि सही केली. अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं.

"मंजुरी या तक्त्यावर आहे," ती मालकाला म्हणाली. "तक्ता मी मागे घेतला. आता समिती पुन्हा बघेपर्यंत इथे थेंबही ओतता येणार नाही. ओतलात तर विनापरवाना."

मालकाने कागद वाचला. दोनदा वाचला. "म्हणजे तुम्ही या कामातून गेलात," तो त्याच गोडीत म्हणाला, पण मानेवर लाल चट्टा उठला होता.

"गेले."

"टेबलं हलू नयेत एवढंच मागत होतो मी, मॅडम."

"माहितीय. तुमचं काही चुकलं नाही, चुकलं माझं होतं. म्हणून तर मी गेले आणि जमीन राहिली."

"साहेब, काय ते ठरवा," लेव्हलवाला मधेच म्हणाला. टब गरगरत होता. "माल कालवलाय. वीस मिनिटांत घट्ट होईल, मग मला टबासकट फेकावा लागेल."

मालकाने टबाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. समितीची सभा महिन्याने, उद्घाटन पुढच्या महिन्यात. माणूस हिशेबाला पक्का होता. "ओत," तो म्हणाला. "बघून घेऊ काय व्हायचं ते. शून्याच्या फुलीपासून सुरुवात कर."

दोन माणसांनी टब उचलला आणि रांगेपाशी आणला. तिथे फुली नव्हती. तिथे बादली होती, आणि बादलीवर आई बसली होती. साडी नीट आवरून, पाठ ताठ, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. एवढ्याशा बादलीच्या बुडावर ती मांडी कशी मावली हे कुठल्याही नकाशात मांडता आलं नसतं. "आजी, जरा उठता का, तिथं ओतायचंय," लेव्हलवाला अदबीने म्हणाला. आईने मान वळवली आणि बहिरा कान त्याच्याकडे केला. "आजी!" मालक पुढे आला. "आई, उठा बरं. लागेल तुम्हाला. असं कुणी बसतं का? उठा, नीट उभ्या राहा, मग बोलू." आई समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होती, जिथे कधी काळी सगळ्या गावाचे आवाज येऊन लोंबकळत असत.

तिने बूट काढले. दुसरी बादली ओढली, दहा नंबरच्या खळग्यांना धक्का लागणार नाही अशी आईच्या शेजारी ठेवली आणि बसली. मग एक पाय वर घेतला. गुडघ्याचा कट्कन आवाज झाला, पँटची शिवण कुठेतरी उसवली, दुसरा पाय हाताने ओढून वर घ्यावा लागला. बादली डुगडुगली. पडणार असं वाटलं, पण पडली नाही. माणसांच्या हातांत टब जड होत चालला होता, गारा कडेने दाटायला लागला होता, आणि मालक आता खरंच ओरडत होता.

आई तिच्याकडे वाकली. डावा कान पुढे करून हळूच विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"काही नाही," ती म्हणाली. "पाय खाली सोडा म्हणतोय."

"म्हणू दे," आई म्हणाली.